घोटाभर पाण्यातलं बेट

मोठेपणा मोजल्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि मोजायचं म्हटलं की कार्यालय लागतं. आमचं कार्यालय तलावांतल्या बेटांचं आहे. (समुद्रातली बेटं दुसऱ्या खात्याकडे आहेत. त्यांच्याकडे मोटारी आहेत, आमच्याकडे एक सायकल.) जगभरातल्या तलावांतल्या सर्वांत मोठ्या बेटांची यादी दर पाच वर्षांनी निघते. पहिल्या दहांना शाळेच्या पुस्तकात जागा मिळते. अकराव्याला काहीच मिळत नाही. आमचं बेट अकरावं होतं.

ही नामुष्की आमच्या मोजणीसाहेबांच्या जिव्हारी लागली. थोर माणूस. त्यांनी बेटावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्यांची दृष्टी स्वच्छ होती. एका सकाळी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बेट लहान नाही. पाणी जास्त आहे."

आठवड्याच्या आत तलावाच्या झडपा उघडल्या. पाणी हातभर उतरलं, बेटाचे काठ चहूबाजूंनी वर आले आणि एक झाडही न लावता, एक दगडही न हलवता, बेट नऊ चौरस किलोमीटरने वाढलं. कार्यालयात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

पण बेटाच्या एका टोकाला साठ घरांची वस्ती आहे. तिच्या आणि गावाच्या काठामधली खाडी आधीच उथळ. तिथे माझी सख्खी मावशी नाव चालवते. चौथ्या दिवशी ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून कार्यालयात आली. साहेबांनी आधी खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं, मग बसायला सांगितलं.

"साहेब, नाव तळाला घासते. उतरून चालावं तर माणूस मांडीपर्यंत रुततो. सुताराच्या आईला रोज इंजेक्शन लागतं. नर्सबाईंनी यायचं कसं?"

"मधे पाणी आहे ना अजून?"

"घोटाभर."

"मग बेट शाबूत आहे," साहेब म्हणाले. "काळजी करू नका."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुताराने आपल्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि चिखलावर आडवं टाकलं. मग शेजाऱ्यांनी काढली. दुपारपर्यंत बासष्ट दारं एकापुढे एक पडली (घरांची साठ, शाळेची दोन) आणि नर्सबाई चपला हातात धरून पलीकडे पोचल्या. वस्ती उघडी पडली, पण चोरी एकही झाली नाही. चोरालाही त्याच दारांवरून यावं लागलं असतं आणि सगळ्या वस्तीचं लक्ष तिकडेच असायचं.

एवढ्यात तपासणी समितीचं पत्र आलं. त्यात एक कलम होतं: पायी जाता येईल अशा वाटेने काठाशी जोडलेला भूभाग बेट समजला जाणार नाही. साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांना माझं नातं आठवलं.

मी गेलो तेव्हा मावशी वाटेतलं एक कलतं दार सरळ करत होती.

"मावशी, समिती येणार आहे. दारं एक दिवस उचलायची. सकाळी उचलू, संध्याकाळी परत टाकू."

"आणि म्हातारीचं इंजेक्शन?"

"एकच दिवस गं."

"तू लहान असताना तापाने फणफणलास, तेव्हा मी तुला याच खाडीतून वल्हवत नेलं. तेव्हा मी म्हटलं होतं का, एकच दिवस थांब म्हणून?"

माझ्याकडे हुकूम होता. ती बाजूला होईना, म्हणून तपासणीच्या सकाळी मी कार्यालयातली सात माणसं नेली. दारं उचलून काठावर रचून ठेवली. क्रमांक घालून, व्यवस्थित.

समिती अकराला यायची ती दोनला आली. पाणी चहूबाजूंनी आहे का, हे तिने काठावरून दुर्बिणीतून पाहिलं. (जाण्याची सोय नव्हती.) त्याच काठावर नर्सबाई सकाळपासून पिशवी घेऊन उभ्या होत्या. एकदा त्या न राहवून उतरल्या, कमरेपर्यंत रुतल्या, आणि त्यांना दोर टाकून बाहेर काढावं लागलं. समितीच्या एका सदस्याने याची नोंद "बेटाभोवतीच्या पाण्याची खोली समाधानकारक" अशी केली.

सुताराची आई चारच्या सुमारास गेली. माणसं मोजायचं काम आमच्या कार्यालयाकडे नाही.

संध्याकाळी शब्द दिल्याप्रमाणे मी दारं परत टाकली. त्यांच्यावरून पहिली तीच आली, चौघांच्या खांद्यावर. सुतार पुढे होता. मावशी मागून येत होती. माझ्याजवळून जाताना ती थांबली नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. घरी मी तिचा विषय काढत नाही, आईही काढत नाही.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे सुशिक्षित, हळव्या मनाचे. शेवटापर्यंत ऐकून घेतात, हळहळतात. आणि मग प्रत्येक जण तेच विचारतो, जे आत्ता तुमच्या ओठांवर आलं आहे.

यादीत नववं.