गप ऱ्हवा, आयकतंय

हुसेन मिस्त्री माणसाला सलाम करण्याआधी लॉरीचं पुढचं चाक हलवून बघत. एकोणीसशे तीस सालातली गोष्ट. रत्नागिरीच्या मोटार-स्टँडवर मी तेव्हा तिकिटं फाडायचो. चाक झालं की मिस्त्री बाकडं हलवत, मग माझ्या टेबलाचा पाय. एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब धरून असा गदागदा हलवला की व्याही भरल्या ताटावरून उठले. खांब खरोखरच ढिला निघाला, पण त्याबद्दल त्यांना कुणी साधा विडाही दिला नाही.

हलवताना डोळे मिटलेले आणि तोंडी एकच वाक्य: "गप ऱ्हवा, मी आयकतंय." हे म्हटलं की आम्ही सगळे चिडीचूप. मला तर शिंक आली तरी स्टँडबाहेर जाऊन द्यावी लागे. बरं, चाकाचं एवढं ऐकणारा माणूस आमचं काही ऐकेल? छे! पाठीमागून हाक मारली तर वळायचं नाव नाही. आगबोटीच्या इंजिनखोलीत वीस वर्षं काढून आलेला माणूस तिकिटवाल्याशी कशाला बोलेल, असं म्हणून मी त्यांना शिष्ट ठरवून मोकळा झालो होतो.

आमचे मालक बाबूशेठ आणि ड्रायव्हर पांडू, दोघेही मूळचे बैलगाडीवाले. चाक म्हटलं की ते थोडं डुलणारच, अशी दोघांची श्रद्धा. आमच्या जुन्या लॉरीचं पुढचं डावं चाक खडखडायला लागलं तेव्हा पांडूने गाडीवानाचाच इलाज केला. तेलात भिजवलेला काथ्या घेतला आणि चाकामागच्या फटीत ठासून भरला. खडखड बंद!

"बगा, हाय काय आवाज?" बाबूशेठ म्हणाले. मी कान लावला. आवाज नव्हता.

लॉरी दुसऱ्या दिवशी सावर्ड्याला जायची होती. येताना त्याच लॉरीतून मिस्त्रींची मरियम यायची होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालेलं. चाळीस दिवस उलटले, तरी मिस्त्रींनी नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. घरी पाळणा टांगून तयार होता. त्याच्या कड्या हलवून झाल्या होत्या, हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी मिस्त्री आले. पुढचा आस जॅकवर उचलला, एक हात चाकाच्या वर, एक खाली. "गप ऱ्हवा." हलवलं. पुन्हा हलवलं.

"लॉरी जायाची नाय."

बाबूशेठ उसळले. "अहो, पण वाजतंय काय कुठं?" मिस्त्रींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पांडूने बेअरिंगचा नट आवळला. मिस्त्रींनी परत हलवलं. "जायाची नाय."

मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझी बोटं चाकाच्या आतल्या बाजूला, ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं तिथे टेकवली. "चाक एकटाच हलला तर बेअरिंग. हितं चाकाबरोबर पिनेवरचा त्याचा खांदा पण हलतोय. किंगपिन झिजलीय." त्यांनी चाक हलवलं आणि माझ्या बोटांना टक्‌टक् लागली. कानाला काही म्हणजे काही नाही.

आता बाबूशेठ अगदी त्यांच्या समोर येऊन उभे राहिले. "मिस्त्री, पिन मुंबईहून आगबोटीनं यायला चार दिवस. तुमची लेक अडकली तिकडं!"

मिस्त्री त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते नेहमी ओठांकडेच बघत. इंजिनखोलीने त्यांचे कान केव्हाच नेले होते आणि हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. त्यांना शिष्ट म्हटल्याच्या लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लागूं देत चार दीस," मिस्त्री सावकाश म्हणाले. "चार दीस पाळणा रिकामा ऱ्हवला तर चालंल. ता चाक घाटात निखळला तर जनमभर रिकामा ऱ्हवंल."

बाबूशेठ पिनेसाठी मुंबईला तार करायला निघाले. पांडूने काथ्या उपसला. पिन बाहेर आली तेव्हा ती एका अंगाने निम्मी झिजलेली होती. चार दिवस मिस्त्री रोज धक्क्यावर जाऊन आगबोटीची वाट बघत बसत. नवी पिन आली, बसली, चाक घट्ट झालं.

लॉरी सावर्ड्याहून सुखरूप परतली. मिस्त्री धावत पुढे आले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी चाकाला हात लावला नाही. मरियमच्या कुशीत नातू टाहो फोडत होता. त्यांनी त्याला खांद्याशी घेतलं, तळहात त्याच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले. पोर आणखीच मोठ्याने रडायला लागलं. लॉरीतून उतरलेल्या बायका 'ओ, ओ' करत जवळ आल्या, पांडूने त्याला रमवायला भोंगा वाजवला. मरियमने घाबरून हात पुढे केले.

मिस्त्रींनी डोळे न उघडताच मान हलवली.

"गप ऱ्हवा गो," ते म्हणाले. "मी आयकतंय."