तात्यांचं थोरलं आणि धाकटं

आमच्या बोरिवलीच्या इमारतीतले तात्या मयेकर माणसांची पारख इंजिनासारखी करतात. या वयात मी लिहू लागलो आहे, हे मोठ्या संकोचाने मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळून निदान केले, ‘‘मास्तर, तुमच्या पेट्रोलात ऑइल जास्त झालाहा. धूर रगड, वेग कमी.’’ मला ते पटले, हे अधिक वाईट.

तात्या मूळचे मालवणचे. गोराईच्या खाडीत नांगरलेल्या होड्यांची इंजिने त्यांनी आयुष्यभर दुरुस्त केली. त्यासाठी त्यांची स्वतःची एक छोटी होडी होती. ती विकली, मात्र तिच्या मागे टांगायची दोन जुनी टू-स्ट्रोक इंजिने आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये लाकडी घोडीवर विराजमान झाली. एका सिलिंडरचे ते ‘थोरलं’, नंतर घेतलेले दोन सिलिंडरचे ते ‘धाकटं’.

पाहुण्याने चपला काढण्यापूर्वीच तुलना सुरू होई. थोरल्याच्या चाकावर दर वेळी हाताने दोरी गुंडाळून ओढावी लागे. पण वाळू शिरो, पाणी शिरो, ते सुरू होणारच. धाकट्याची दोरी स्प्रिंगने आपोआप आत जाई. पण एक प्लग कायम तेलकट, आणि पंपाचे रबर दर मोसमाला बाद.

‘‘थोरलां म्हणजे बैल,’’ तात्या म्हणत. ‘‘धाकटां म्हणजे जावय. कधी रुसात, सांगूक येवचा नाय.’’

मग सोसायटीने पॅसेज मोकळा करण्याची नोटीस लावली. तात्यांच्या गॅलरीत एकच इंजिन मावणार होते; दुसरे गोराईचा मच्छीमार अंतोन नेणार होता. आठवडाभर तात्या दोन्हींचे प्लग काढून टक लावून बसले. जेवणही विसरले.

‘‘मास्तर, तुम्ही शिकलेले. खयचा ठेवू?’’

‘‘थोरलं... बहुधा,’’ मी म्हणालो.

‘‘बहुधान इंजिन चलणा नाय.’’

रविवारी अंतोन टेम्पो घेऊन आला आणि त्याने सरळ धाकट्याला हात घातला.

‘‘तां ठेव. थोरलां उचल.’’

‘‘तात्या, डोकं ठिकाणावर आहे ना? जन्मभर थोरल्याचीच आरती केलीत,’’ अंतोन म्हणाला.

‘‘उचल रे.’’

टेम्पो गेल्यावर, विचारू नये असे वाटत असतानाही, मी कारण विचारले.

‘‘थोरल्याक न्यूट्रल नाय, मास्तर. दोरी ओढली की होडी सुटली. ही डबो घेवन धक्क्यावर येय. डबो घेतलंय की निघालंय.’’ ‘ही’ म्हणजे तीन वर्षांपूर्वी गेलेल्या काकू. ‘‘धाकटां न्यूट्रलात ऱ्हवता. इंजिन चालू, होडी जागच्या जागी. मगे ही उभी ऱ्हवान बोलत ऱ्हवायची. धा-धा मिनटां.’’

‘‘काय बोलायच्या?’’

तात्यांनी धाकट्यावरची धूळ पंच्याने पुसली.

‘‘तां कोणाक ठावक. इंजिनाच्या आवाजात काय्येक ऐकाक येय नाय. मी आपलो मान हलवी.’’