काचेच्या खोलीतली पाच मिनिटं

त्या काचेच्या खोलीचा रंग हिरवा होता की निळा, हे मला आज खात्रीने सांगता येणार नाही. मी हिरवा म्हणतो. बायको म्हणते, खोलीला रंगबिंग काही नव्हता, माझा चेहरा हिरवा पडला होता. ज्याने पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्याने स्वतःच्या आठवणीवर किती भरवसा ठेवावा याचंही गणित मांडता येतं. मी ते मांडून पाहिलं आहे आणि उत्तर फारसं उत्साह वाढवणारं नाही. तेव्हा पुढच्या मजकुरात कुठे हिरवा-निळा फरक आढळला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सुरुवात एका साध्या निर्णयाने झाली. सहा वर्षांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद केलं. "टीव्ही बघा, पण लांबून," ते म्हणाले. (लांबून म्हणजे नेमकं किती, हे मी आधी तिथल्या नर्सला विचारलं, मग घरी येऊन दुसऱ्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. दोघांच्या उत्तरांत दोन फुटांचा फरक पडला, म्हणून मी खुर्ची बरोबर मध्ये ठेवली.) हल्लीच्या टीव्हीवरची माणसं फार भरभर बोलतात आणि उभ्याउभ्याच बोलतात. म्हणून मी ठरवलं, की रोज दुपारच्या चहानंतर एक जुना कार्यक्रम बघायचा. आमच्या तरुणपणी लागायचे ते प्रश्नांचे खेळ, बक्षिसांचे खेळ, वर्षातून एकदा होणारे हास्याचे खास कार्यक्रम. नातीने ते इंटरनेटवरून शोधले आणि बेडरूममधल्या छोट्या टीव्हीवर एक यादीच लावून दिली.

जुने विनोदी कार्यक्रम पुन्हा बघणं हा तसा जोखमीचा उद्योग आहे. ज्या प्रसंगाला मी एकेकाळी खुर्चीवरून खाली पडलो होतो (अक्षरशः, खुर्चीचा पाय आधीपासून हलत होता), तो प्रसंग आला, गेला, आणि मी त्याची वाट बघत बसून राहिलो. पडद्यावरचे प्रेक्षक मात्र पोट धरून हसत होते. त्यातले निम्मे आता हयात नसतील, हा विचार मनात आला आणि उरलेला विनोदही गेला. बक्षिसांचे खेळ त्या मानाने चांगले टिकले आहेत. इस्त्री मिळाली म्हणून हुंदके देणारा पोस्टमन, सर्वांत लांब नदीचं नाव सांगताना पदराने कपाळ पुसणारी शिक्षिका, बझरवर हात ठेवायच्या ऐवजी सूत्रसंचालकाच्या हातावर हात ठेवणारे एक वकील. या माणसांबद्दल मला माया वाटते, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे.

होय, मी टीव्हीवर येऊन गेलो आहे. लग्नाला सात वर्षं झाली होती तेव्हा. कार्यक्रमाचं नाव होतं 'दोघांचं एकच उत्तर', आणि आमच्या नावाने अर्ज भरला होता माझ्या मेहुण्याने, आम्हाला न विचारता. खेळ सोपा होता. नवऱ्याला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन, हेडफोनमध्ये बासरी. तेवढ्यात बाहेर बायकोला नवऱ्याबद्दल चार प्रश्न विचारायचे. मग नवऱ्याला बाहेर काढून तेच प्रश्न त्याला. चारही उत्तरं जुळली तर फ्रिज. आमची तीन जुळली आणि आम्हाला थर्मास मिळाला.

थर्मासचं मला दुःख नाही. दुःख वेगळंच आहे. आत बसल्याबसल्या मी प्रश्न मोजत होतो. चौथं उत्तर झालं, आणि सूत्रसंचालकाने तिला आणखी एक, पाचवं काहीतरी विचारलं. तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग माइककडे झुकून ती काहीतरी बोलली, आणि अख्खं सभागृह हसून कोसळलं. कॅमेरामन कॅमेरा सोडून हसायला लागला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांची कवळी निघाली की काय, असं मला वाटलं. माझ्या कानात बासरी चालू होती.

घरी परतताना मी विचारलं, "शेवटी काय विचारलं त्याने?"

"कुणी?"

"त्या कोटवाल्याने."

"काही नाही हो, असंच."

ठीक आहे, म्हटलं, महिन्याभराने कार्यक्रम दाखवतील तेव्हा ऐकू. त्या संध्याकाळी आमच्या घरात अकरा माणसं जमली, आणि बरोबर कार्यक्रम सुरू होताना पडद्यावर मुंग्या आल्या. घरातला कर्ता पुरुष म्हणून मी गच्चीवर गेलो आणि अँटेना फिरवू लागलो.

"आलं का?" मी वरून ओरडलो.

"आलं, आलं!" खालून मेहुणा. "भाऊजी, तस्सेच धरा!"

मी सोडून बघितला.

"गेलं! धरा, धरा!"

अर्धा तास मी तस्साच धरून उभा होतो. मधे एकदा खालून असं हसू उसळलं, की माझ्या पायाखालची गच्ची थरथरली. खाली उतरलो तोवर बातम्या लागल्या होत्या आणि अकराही माणसं माझ्याकडे फार प्रेमाने बघत होती. इतकी माणसं एकदम प्रेमाने बघायला लागली, की भीती वाटते. मेहुण्याने माझा खांदा थोपटला, "भाऊजी, तुम्ही थोर आहात," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

माझ्या बायकोने माझ्याबद्दल साऱ्या जगाला काय सांगितलं, हे साऱ्या जगाला माहीत होतं. एकट्या मला नव्हतं. दुसऱ्या एखाद्याने ते सोडून दिलं असतं. मी अनुमानशास्त्राचा माणूस. तिने माझा एखादा दोष सांगितला असणार, इतकं उघड होतं. कुठला, हे कळत नसेल तर एकेक करून सगळेच काढून टाकायचे, असं मी ठरवलं.

आधी मी घोरणं थांबवलं. त्यासाठी शर्टाच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवून दोन वर्षं कुशीवर झोपलो. सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो, ते मनात वाचू लागलो. कपाटांची दारं उघडी टाकायची सवय होती, ती इतकी मोडली की बायकोचा हात आत असतानाही दार लावलं. तेच तेच विनोद सांगू नयेत म्हणून एक वही केली, कुठला विनोद, कुणाला, कुठल्या तारखेला. (ती वही भरली नाही. विनोद सहाच होते.) दाढी करताना शीळ घालायचो, ती बंद केली, तेव्हा बायकोने मला घशाच्या डॉक्टरकडे नेलं.

एवढं करूनही चौथ्या-पाचव्या वर्षी पुन्हा विचारलं, तर तिचं तेच. "काही नाही हो, असंच." पुढेपुढे तर तिला खरोखरच आठवत नसावं, असं मला वाटू लागलं. आणि मनाच्या तळाशी एक जास्त वाईट शंका होती, ती मी कधी बोलून दाखवली नाही. समजा, तिने दोष सांगितलाच नसेल. समजा त्याने विचारलं असेल, पुन्हा संधी मिळाली तर हाच नवरा कराल का, आणि ती नुसतीच 'नाही' म्हणाली असेल, तर? त्यालाही लोक हसलेच असते.

म्हणून नातीच्या यादीत एके दिवशी 'दोघांचं एकच उत्तर' हे नाव दिसलं आणि खाली आमचा भाग सापडला, तेव्हा चहाचा कप मी बशीच्या शेजारी ठेवला. म्हणजे जिथे काहीच नव्हतं तिथे.

एकट्याने बघायचं, हे नक्की होतं. दिवस बुधवारचा निवडला. बुधवारी दुपारी हॉलमध्ये बायकोच्या वाचनमंडळाच्या चार मैत्रिणी येतात आणि दोन तास कुणी आत फिरकत नाही. बेडरूमचं दार लोटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जावयाने दिलेले बिनवायरचे हेडफोन कानांवर चढवले. ते टीव्हीला जोडताना पडद्यावर दोन नावं आली, दोन्ही म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. ज्यात आकडे जास्त होते ते मी निवडलं. आकड्यांनी मला आजवर फसवलं नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. चित्र काळंपांढरं, त्यामुळे खोलीच्या रंगाचा निकाल लागला नाही. एक किडकिडीत तरुण काचेच्या खोलीत शिरला, दार नीट लागलं का हे त्याने दोनदा ओढून पाहिलं आणि तो बसला. तो मी. पण आवाज कुठे होता? मी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. तरी शांतता. जुनं रेकॉर्डिंग, आवाज उडाला असणार. मी शेवटच्या आकड्यापर्यंत वाढवून पाहिला आणि हताश होऊन बघत राहिलो. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा, चौथा. मग बायकोने वळून पाहिलं, माइककडे झुकली, बोलली, सभागृह कोसळलं. सारं मला आठवत होतं तसंच होतं, आणि मी तेव्हाइतकाच बहिरा होतो. फक्त या वेळी बासरी नव्हती.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात बायको, आणि तिच्या पाठीमागे डोळे पुसणाऱ्या चार बायका. तिने माझ्या कानांवरचे हेडफोन उचलले. त्याबरोबर हॉलकडून प्रचंड टाळ्या ऐकू आल्या.

"अहो, हे काय चालवलंय?"

"यातला आवाज उडालाय गं."

"उडालाय? हेडफोनऐवजी हॉलमधला स्पीकर जोडलात तुम्ही, तो बाहेर कपाटावरून भिंती हादरवतोय! शेजारचे दातांचे डॉक्टर पेशंटला तसाच आ करून सोडून गॅलरीत आले ऐकायला!"

म्हणजे सभागृहानंतर, घरातल्या अकरा माणसांनंतर, आता वाचनमंडळानेही ऐकलं होतं. शिवाय एका दंतवैद्याने, आणि तोंड उघडं असलेल्या एका अनोळखी पेशंटने.

"सर, जरा मागे घ्या ना," मंडळातल्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मी पाणी प्यायला उठले होते, माझं पहिलं वाक्य हुकलं."

मी रिमोट धरून बायकोकडे पाहिलं. "घेऊ?"

"घ्या," ती पलंगावर बसत म्हणाली. "आता राहिलंय काय?"

मला मागे घ्यायचं बटण सापडेना, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनीच रिमोट घेतला. सूत्रसंचालकाचा आवाज हॉलमधून आला, चित्र बेडरूममध्ये हललं.

"आणि बाई, हा प्रश्न स्पर्धेबाहेरचा. मिस्टर ऐकत नाहीयेत. त्यांची एखादी सवय, जी तुम्हाला बदलून हवी आहे?"

पडद्यावरची माझी तीस वर्षांची बायको काचेकडे वळली, मग माइककडे. "आहे एक. पण त्यांना अजिबात सांगू नका हं."

"का बरं?"

"ते सुधारायला लागतील. आणि सुधारणारा माणूस घरात असला ना, की फार त्रास होतो हो."

सभागृह कोसळलं. चौघी पुन्हा कोसळल्या. भिंतीपलीकडून दंतवैद्यांचा ठसकाही ऐकू आला. मी मात्र मनातल्या मनात अडतीस वर्षांची यादी काढत होतो.

"शीळ का ती सवय?" मी विचारलं.

"छे! शीळ आवडायची मला. तुम्ही सोडलीत म्हणून तर डॉक्टरकडे नेलं."

"घोरणं?"

"मी तुमच्याआधी झोपते."

"पेपर मोठ्याने वाचणं?"

"त्यामुळे मला फुकट बातम्या कळायच्या. तुम्ही बंद केलंत आणि मला चष्मा लागला."

"कपाटाची दारं?"

तिने नुसतं उजव्या हाताचं मधलं बोट दाखवलं. अजूनही ते थोडं वाकडं आहे.

"मग कुठली गं?"

ती उठली, मैत्रिणींना हॉलकडे हाकललं आणि दारात थांबून म्हणाली, "तेव्हा सांगितलं नाही, ते आता सांगू? या वयात पुन्हा सुधारायला निघालात तर मी कुठे जाऊ?" मग आत येऊन माझा कप उचलून बशीत ठेवला आणि गेली.

माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं, हे कबूल केलं पाहिजे. 'नाही' असं ती म्हणाली नव्हती. दुसऱ्या दिवशी दाढी करताना मी इतक्या वर्षांनी शीळ घातली. कवळीमुळे ती नीट जमली नाही. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, कुठेतरी गॅस गळतोय का बघा." तरी मी रोज थोडी थोडी घालत राहिलो.

त्या सवयीचा उलगडा व्हायला आणखी पाच वर्षं गेली. गेल्या वर्षी मुलगी राहायला आली होती. बोलताबोलता ती सहज म्हणाली, "अहो बाबा, आईने मला कधीच सांगितलंय ते. तुम्हाला कुणीही काहीही सांगितलं, की तुम्ही लगेच दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घेता. लग्नानंतर पहिल्याच सकाळी आईने किती वाजले ते सांगितलं, तर तुम्ही जिना उतरून वॉचमनला विचारून आलात म्हणे."

हे मला अर्थातच पटलं नाही. माझा स्वभाव तसा नाही. शिवाय मुलीला नीट आठवत असेलच असंही नाही. म्हणून ती आत गेल्यावर मी जावयाला फोन केला. मग नातीला, मग मेहुण्याला. संध्याकाळी शेजारच्या दंतवैद्यांकडेही जाऊन आलो. चौघांचंही उत्तर एकच आलं, तेव्हा बायको म्हणते ते खरं असावं.