दानपेटीची कायदेशीर जागा

विनायकराव गरुड कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून टेप काढायचे आणि मग पायातल्या चपला. आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला आले, तर दारापासून चौरंगापर्यंतचं अंतर मोजून झाल्यावरच त्यांनी हात जोडले. "जागा बरोबर आहे," असं देवाला सर्टिफिकेट दिलं आणि शिरा खाल्ला.

ते आमचे शेजारी. इंदूरच्या म्युनिसिपालिटीत जागांचे इन्स्पेक्टर. वडील संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे हुकूम रक्तातच होता. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, पण विनायकरावांची पाठ काही वाकली नाही. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. स्वयंपाक स्वतःच करायचे. कसा झालाय विचारलं तर म्हणायचे, "नियमात बसतो."

त्या काळात सिंधमधून आलेली माणसं गावात फार. त्यांच्यासाठी, गोशाळेसाठी, अनाथालयासाठी चौकाचौकात दानपेट्या उभ्या राहिल्या. सराफ्यात तर एका पेटीला टेकून दुसरी. टांगे अडायचे, म्हशी अडायच्या. वरच्या साहेबांनी नियम करायला सांगितला आणि विनायकरावांनी जीव ओतून केला. शाळा, देऊळ, मशीद, विहीर, दवाखाना, चौक, कशापासूनही पन्नास हातांच्या आत दानपेटी ठेवायची नाही. "दान करा भिया, पण जागेवर करा," असं ज्याला त्याला इंदुरी थाटात भाऊ करून सांगत त्यांनी गावभर पेट्या उचलायचा सपाटा लावला.

उचलता उचलता ते कलावंतीबाईंच्या दारात पोचले. ही सिंधी बाई निर्वासित विधवांचं घर चालवायची. लोक दारातल्या पेटीत जुने कपडे टाकायचे, बायका त्यांच्या गोधड्या शिवून विकायच्या, त्यावर चूल पेटायची. शेजारी हनुमानाचं देऊळ होतं. टेप लागली. पेटी नियमात बसेना.

मीही तिथे होतो, कारण टेपचं दुसरं टोक धरायला त्यांना कुणीतरी लागायचंच. बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ठीक है साहब. आप ही जगह बता दो, हम वहाँ रख देंगे."

विनायकरावांनी टेप गुंडाळली. आजवर लोकांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, जागा कुणी विचारली नव्हती.

"बताता हूँ," ते म्हणाले.

मग आमचे रविवार त्यातच गेले. मल्हारगंजात विहीर आडवी आली, छावणीत दवाखाना. सियागंजात मात्र एक कोपरा सापडला. विनायकराव चक्क हसले. खुणेला एक दगड ठेवला आणि दुसऱ्या रविवारी आम्ही पेटी घेऊन गेलो. दगडाला शेंदूर लागला होता, गळ्यात हार होता आणि एक म्हातारी समोर नारळ फोडत होती. पन्नास हातांच्या आत देऊळ! विनायकराव खोल आवाजात म्हणाले, "हे मीच बांधलं रे."

"नियमच बदला ना," मी म्हटलं. "तुम्हीच तर केलाय."

"मी केला म्हणून काय झालं? आता तो सरकारचा आहे."

तरी त्यांनी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला असायचं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फाइल ग्वाल्हेरला पोचली तेव्हा साहेबलोक इकडे यायला निघाले होते. इंदूरला आली तेव्हा ते तिकडे जायला सामान बांधत होते. विनायकराव तुकोगंजातल्या कचेरीत चौकशीला जायचे. चपराशी म्हणायचा, "बाबूजी, फाइल तो गई."

शेवटी जागा सापडली ती भंवरकुआंच्या पलीकडे. तेव्हा तिथे गाव संपलेलं असायचं. शाळा नाही, देऊळ नाही, माणूसही नाही. नुसती शेतं आणि धूळ. तिथल्या विहिरीपासून पन्नास हात मोजून आम्ही पेटी ठेवली. कलावंतीबाईंनी चहूकडे बघितलं. "यहाँ कौन आएगा, साहब?"

"आएगा," विनायकराव म्हणाले, पण बाईंकडे न बघता.

रोज संध्याकाळी कचेरी सुटली की ते सायकल मारत तिकडे जायचे. बैलगाडी दिसली की आडवे जायचे. "भिया, कुछ पुराना कपड़ा है क्या?" गाडीवान आपल्या अंगावरच्या फाटक्या बंडीकडे बघायचा आणि बैल हाकायचा.

कापड येईना, गोधड्या होईनात. घरातल्या बायका एकेक करून निघाल्या. कुणी मिलमध्ये रोजंदारीला लागली, कुणी नातेवाइकांच्या दारात जाऊन पडली. शेवटी घराला कुलूप लागलं. कलावंतीबाई अजमेरला भावाकडे निघाल्या, तेव्हा विनायकरावांचा निरोप घ्यायला आल्या. मी तिथेच बसलो होतो. विनायकरावांनी धोतराच्या सोग्यानं खुर्ची पुसली. "मेरी वजह से..." ते पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसत म्हणाले.

"हटाया तो सबने है, साहब," बाई म्हणाल्या. "सिंध से यहाँ तक. जगह ढूँढने आप ही निकले."

विनायकराव आत गेले आणि त्या जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रस्ताव मंजूर होऊन आला. पन्नासऐवजी पाच हात. आता पेटी कलावंतीबाईंच्या दारात बसली असती. दार बंद होतं.

विनायकरावांनी तो कागद वाचला, घडी केली आणि सायकल काढली. ती पेटी परत आणायला गेले असतील असं वाटून मी मागोमाग गेलो. भंवरकुआंच्या पुढे, पेटीशेजारी ते मातीत बसले होते.

"आता कुणासाठी बसलाय?" मी म्हटलं. "घर बंद झालं, बाई गेल्या. चला घरी."

त्यांनी सरकून मला जागा केली.

"घरी जाऊन काय करू, भिया? इथं निदान कुणी येईल म्हणून वाट तरी बघता येते."

मी सायकल स्टँडवर लावली आणि बसलो.