टाकी दिसली की

आमच्या गावात पाण्याची एक उंच टाकी आहे आणि दाणीकाका तिच्यासमोर टोपी काढतात. गाडी चालवत असले तरी एका हातानं काढतात, मांडीवर ठेवतात आणि टाकी मागे पडली की पुन्हा डोक्यावर चढवतात. नव्या माणसाला वाटतं, उकडत असेल. अविनाशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं मत असं होतं, की काकांनी सगळी नोकरी मोठमोठ्या यंत्रांजवळ केली, त्यामुळे लोखंडाची एवढी मोठी वस्तू दिसली की त्यांना भरून येत असावं.

गाव लहान आहे. कॅरी शहराहून दीड तास गाडी हाकली की रताळ्याची शेतं लागतात, आणि शेतं संपायच्या आत गाव संपतं. दाणीकाका तरुणपणी अमरावतीहून इथल्या कापड गिरणीत इंजिनियर म्हणून आले. पुढे गिरणी बंद पडली, मुलगी शिकून बॉस्टनला गेली, काकू वारल्या. काका राहिले, आणि त्यांनी लोकांना गाव दाखवायचं काम अंगावर घेतलं.

हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. पण हॉस्पिटलात किंवा मी जिथे ग्रंथपाल आहे त्या कॉलेजात कुणी मराठी माणूस नोकरीला लागला, की पुढच्या शनिवारी काकांची जुनी व्हॅन त्याच्या दारात उभी राहते. "घाई तर नाही ना?" काका विचारतात. उत्तर काहीही असो, ते गाडी सुरू करतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील तर त्यांचे हक्काचे प्रवासी. मुलं कामावर गेल्यावर ही मंडळी खिडकीशी बसून असतात. इथे बस नाही, चालत जाण्यासारखं दुकान नाही. काका त्यांना मंगळवारी, बुधवारी उचलून नेतात.

बघायला काय आहे? एक रेल्वे स्टेशन आहे, तिथे गाडी थांबत नाही. काका सगळ्यांना बाकावर बसवतात, थर्मासमधला चहा देतात, डब्यातला चिवडा देतात आणि मालगाडीची वाट पाहायला लावतात. गाडी आली की सगळ्यांनी हात करायचा. ड्रायव्हर भोंगा वाजवतो. "ओळखतो आपल्याला," काका म्हणतात. कोर्टाच्या इमारतीवरचं घड्याळ मागे पडतं, हे कुणी दाखवून दिलं तर ते दुखावतात. "मागे नाही ते. सावकाश आहे."

आणि कोर्टासमोर सिमेंटचं रताळं आहे. माणसाहून उंच, उभं, लालसर, दगडी चौथऱ्यावर. एकदा काकांबरोबर अकोल्याच्या एक आजी आल्या होत्या. चौथरा पाहिला, वरची उभी आकृती पाहिली, त्यांनी चपला काढल्या आणि अंबाड्यातलं झेंडूचं फूल पायाशी ठेवून नमस्कार केला. कोर्टाच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईंनी आदरानं विचारलं, हे काय? काका म्हणाले, आमच्याकडे उपवासाला हे लागतं. यात खोटं काही नव्हतं. ही गोष्ट गावभर झाली, आणि तेव्हापासून शरद ऋतूतल्या रताळ्याच्या जत्रेत महापौर स्वतः तिथे झेंडूचं फूल वाहतात आणि ही फार जुनी भारतीय प्रथा असल्याचं माइकवरून सांगतात.

"काका, अहो, सांगा की त्यांना खरं काय ते," अविनाश म्हणाला होता.

"काऊन सांगू? प्रथा काय वेगळ्या सुरू होतात?"

अविनाश त्यांना पर्यटनमंत्री म्हणायचा. काकांनी ते पद गंभीरपणे स्वीकारलं. "खातं चांगलं आहे," ते म्हणायचे, "फक्त बजेट नाही."

गेल्या हिवाळ्यात अविनाश गेला. निखिल, आमचा मुलगा, कॅरीला असतो. तो म्हणाला, "आई, तिथे एकटी काय करणार तू? इथे ये. माझ्या कम्युनिटीत टाउनहाउस आहे एक, होल्डवर ठेवायला सांगतो." मी विचार करते म्हणाले. नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. कॉलेजातून घरी येत होते, पडदे ओढून वाचत बसत होते. वाचत होते असंही नाही, पुस्तक उघडं असायचं.

एका शनिवारी दारात व्हॅन उभी. मला वाटलं, काका समाचाराला आले.

"चल वृंदा. गाव पाहायचं राहिलंय तुझं."

"काका, तुम्हीच दाखवलंय आम्हांला. कितीतरी वर्षं झाली."

"तेव्हा तुम्ही दोघं होता. एकटीनं कुठे पाहिलंस? घाई तर नाही ना?"

मी चपला घातल्या.

स्टेशनवर चहा प्यायलो. मालगाडीला हात केला. घड्याळ होतं तिथे सावकाश होतं. काका अविनाशबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि एरवी ऐकवतात ती माहितीही ऐकवली नाही. शेवटी टाकीजवळ त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काका, टोपी का काढता?" मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं.

त्यांनी इंजिन बंद केलं.

"कुसुम, तुझी काकू, आली ना इकडे, तर वर्षभर घराबाहेर पडेना. मग गाडी शिकली. पण रस्ते चुकायची. सगळी शेतं सारखीच. मी म्हटलं, टाकी शोध. टाकी दिसली की घर आलं समज. मग तिला सवयच लागली. कुठूनही येताना टाकी दिसली की म्हणायची, 'चला, घर आलं.' मी चालवत असलो तरी. मी चिडायचो. मला दिसतंय की, बाई." त्यांनी टोपीची कड बोटांनी सरळ केली. "हॉस्पिटलातून शेवटचा परत आलो तेव्हा एकटा होतो. टाकी दिसली. गाडीत कुणी काही बोललं नाही. मला ते म्हणायला जमेना. म्हणून टोपी काढली."

मी काचेतून वर टाकीकडे पाहिलं.

"मुलीकडे राहून आलो ना बॉस्टनला. घर मोठं आहे, सगळे जीव लावतात. पण बाहेरून येताना काही दिसतच नाही बाप्पा." मग टोपी डोक्यावर घालत म्हणाले, "घाई तर नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

पहिल्यांदाच काकांनी गाडी सुरू केली नाही. बराच वेळ आम्ही तिथेच बसून राहिलो.

पुढच्या रविवारी मी निखिलकडे गेले. टाउनहाउस पाहिलं. छान होतं, उजेड भरपूर होता, पुस्तकांना भिंतही होती. संध्याकाळी परत निघाले. शेतं सुरू झाली तसा त्याचा फोन आला.

"आई, कुठपर्यंत पोचलीस? ते लोक विचारतायत, उद्या फायनल सांगायचंय."

समोर झाडांच्या वर फिकट निळा गोल दिसायला लागला होता. शेजारच्या सीटवर माझी पर्स होती आणि निखिलनं बांधून दिलेला डबा होता.

"टाकी दिसली," मी म्हटलं.

"व्हॉट? कसली टाकी?"

"चला," मी मोठ्यानं म्हटलं, "घर आलं."

 तो म्हणाला, "ओके. मग त्यांना 'नाही' सांगू ना?"

"हो. सांग."