शिडीवर अडकलेला वाघ

"अकरा वाजेपर्यंत ह्या खुर्चीवरनं हलायचं न्हाय," अंबूबाईंनी नवऱ्याला बजावलं. "चहा हितंच मिळंल, पेपर हितंच मिळंल. माशी आली तरी मला हाक मारायची."

"माशी मी मारतो की!"

"मारायची न्हाय! घरफाळ्याचा माणूस दारात उभा आणि तुमी माशीमागं धावताय, असं दिसलं तर बोंबललंच सगळं."

आकाराम अण्णा बसले. म्हणजे खुर्ची त्यांच्याखाली होती, एवढंच. उभ्या जन्मात हा माणूस स्वस्थ बसला असेल तर तो न्हाव्यापुढे, आणि तिथंही न्हाव्याने वस्तरा खाली ठेवून हात जोडल्यावर. आता ते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते, मिशी पिळत होते, घड्याळाकडे असं बघत होते की त्या घड्याळाचा काटा घाबरून दोन मिनिटं पुढे सरकला असेल.

अण्णांची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली, शेवटची काही वर्षं नव्या जवानांना शिकवण्यात. गुळाच्या गोदामाला लागलेली ती प्रसिद्ध आग त्यांनीच विझवली. वितळलेला गूळ रस्त्यावरून असा वाहिला, की पुढे महिनाभर त्या पेठेत गेलेली माणसं अनवाणी घरी येत. चपला रस्त्यालाच चिकटलेल्या असत. त्या आगीत गोदामाची भिंत अण्णांच्या उजव्या पायावर आली आणि गुडघा कायमचा ताठ झाला. पण गल्लीत अण्णांनी हे कधी कबूल केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "वाघानं गुडघा कुणापुढं वाकवायचा, सांग की!"

यंदा पालिकेने नवी सवलत काढली. लोकांचे जीव वाचवताना ज्यांना अपंगत्व आलं, त्यांच्या घराचा फाळा, म्हणजे घरपट्टीच, कमी करायचा. अण्णा म्हणाले, "भीक नको." अंबूबाई म्हणाल्या, "भीक न्हाय, आठवण हाय. पाय गेला त्यांच्या कामात, निदान आठवण तर ठेवू द्या त्यांना." अर्ज त्यांनीच केला. आज अकराला तपासणीस येणार होता. त्याने 'सवलतीस पात्र नाही' असं लिहिलं की फाईल कायमची बंद.

साडेदहाला दारात विजयसिंह टेलर उभा. गळ्यात टेप, तोंडभर हसू. "अण्णा, अभिनंदन! नाद खुळा बोर्ड लागलाय!"

"कसला बोर्ड?"

"गल्लीच्या तोंडाला, माझ्या दुकानावर. सयाजीनं रातीच लावलाय."

सयाजी म्हणजे तालमीचा अध्यक्ष. गल्लीत कोणाचा वाढदिवस असो, कोणाची म्हैस व्यालेली असो, सयाजीचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. अण्णा खुर्चीवरून उठले. अंबूबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या.

अण्णा तडक गल्लीच्या तोंडाला आले आणि वर बघितलं. वीस फूट लांब फ्लेक्स. 'घरफाळ्यात सवलत मिळाल्याबद्दल गल्लीचा ढाण्या वाघ मा. आकाराम अण्णा यांचे हार्दिक अभिनंदन!' आणि शेजारी ऐन पंचविशीतले अण्णा: लंगोट कसलेला, अंगभर लाल माती, खांद्यावर गदा, आणि उजवा गुडघा छान वाकवून मांडीवर शड्डू ठोकलेला.

अण्णांनी सयाजीला फोन लावला. "काढ त्यो बोर्ड! अजून सवलत मिळाली न्हाय रे, माणूस आत्ता यायचाय!"

"मिळणारच की अण्णा. मी बिद्रीला आलोय, साखर कारखान्यावर. सांजच्याला बघू."

"अरे, फोटो तरी बरा टाकायचास! काठी घेतलेला, बसलेला..."

"अण्णा!" सयाजीचा आवाज दुखावला. "तुमचा तसला फोटो बोर्डावर? गल्लीची इज्जत हाय का न्हाय?"

फोन बंद झाला. अकराला दहा मिनिटं कमी. फ्लेक्स उतरवायला माणूस वर चढायला हवा. विजयसिंहला सांगावं, तर तो विचारणार, 'अण्णा, तुमी का चढत न्हाय?' ज्याने जळत्या माडीवर शिडी लावून माणसं उतरवली, त्याने टेलरला शिडीवर चढवायचं? मग मिशी ठेवायची कशाला?

मांडववाल्याची बांबूची शिडी भिंतीला टेकून उभी होती. अण्णांनी आजूबाजूला बघितलं आणि चढले. खरं तर चढले ते हात. हातांनी ओढ घ्यायची, डावा पाय पायरीवर टाकायचा, उजवा मागून फरपटत आणायचा. वर पोचल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं, की गुडघा आहे हेच ते विसरले. फ्लेक्सच्या एका टोकाची दोरी सोडली मात्र, वाऱ्याने तो सुटा फ्लेक्स उचलून अण्णांच्या तोंडावर आपटला. अण्णा दचकले. उजवा पाय पायरीवरून घसरला आणि दोन पायऱ्यांमधून आरपार भिंतीकडे गेला, तो मांडीपर्यंत. तो बाहेर काढायला फक्त एकच गोष्ट करायला हवी होती. गुडघा वाकवायला हवा होता.

चप्पल मात्र सुटली. ती खाली आली, ती नुकत्याच थांबलेल्या एका स्कूटरच्या हँडलवर. स्कूटरवरच्या माणसाने वर बघितलं, मग दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या चिमणाबाईंकडे बघून कानडी हेलात विचारलं.

"आकाराम यांचं घर कुठं री, आजी? मी बसलिंगाप्पा. घरफाळा विभागातनं आलोय."

"घर त्ये शेवटचं, पावणं," चिमणाबाई म्हणाल्या. "पण आकाराम घरात न्हाय. वर हाय."

"वारले?"

"मुडदा बशिवला तुझा! शिडीवर हाय."

बसलिंगाप्पांनी वर बघितलं. वाऱ्याने फ्लेक्स असा काही गुंडाळला होता, की धड म्हाताऱ्याचं, पण वर चेहरा पंचविशीतल्या पैलवानाचा, शड्डू ठोकणारा.

"अय्यो," ते म्हणाले. "अर्जात तर लिहिलंय, गुडघा वाकत नाही. हा तर शिडी चढतोय, कुस्ती पण खेळतोय. माझं काम झालं." त्यांनी पेन काढलं.

"थांबा, साहेब!" फ्लेक्सच्या आतून आवाज आला. अण्णांनी चेहरा मोकळा केला. "चढलोय, पण उतरता येत न्हाय!"

एव्हाना गल्ली जमली होती. अण्णांचं वाक्य ऐकून सगळ्यांनी साहेबांच्या पेनाकडे बघितलं. मग विजयसिंहने जोरात टाळ्या वाजवल्या.

"काय ॲक्टिंग हाय अण्णा! झकास!"

"एकदम नाटकातल्यावानी!" दुसरा कोणी ओरडला. गल्लीभर टाळ्या पडल्या.

बसलिंगाप्पांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे नाटक चाललंय होय री?"

"नाटक न्हाय!" अण्णा वरून ओरडले. शिडी हलली. "खरं अडकलोय!"

"तर काय, खरंच वाटालंय!" विजयसिंह म्हणाला. "वाघ हाय, वाघ!"

तोवर मागच्या दारची भांडी तशीच टाकून अंबूबाई धावत आल्या, हाताला राख तशीच. त्यांनी वर बघितलं, साहेबांकडे बघितलं, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघितलं.

"गप बसा की मेल्यांनो! ॲक्टिंग म्हणं! माझ्या हातानं घातल्याबिगर ह्यांच्या पायात चप्पल जात न्हाय. गोदाम जळल्यापासनं रोज सकाळी दार लावून घालतोय. दार लावून! तुमाला दिसू ने म्हणून!"

टाळ्या थांबल्या. वर अण्णांनी डोळे मिटून घेतले. एवढा वेळ हलणारी शिडीही थांबली.

"आगं अंबू," चिमणाबाई हळूच म्हणाल्या, "आमाला काय डोळं न्हाईत व्हय? सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. पण त्यो वाघ म्हणवून घेतोय, मग आमी बी म्हणतोय."

"म्हणून तर टाळ्या वाजवल्या, वहिनी," विजयसिंह जमिनीकडे बघत पुटपुटला. "म्हटलं, साहेबांपुढं अण्णांची लाज झाकावी."

"मग सोपं झालं," बसलिंगाप्पा म्हणाले. "बायकोचा जबाब चालत नाही. तुम्ही कोणी तरी सांगा. लिहून घेतो. गुडघा वाकत नाही, एवढंच."

गल्लीने इकडेतिकडे बघितलं. विजयसिंहला अचानक दुकानातली इस्त्री आठवली. एकाला आभाळात घार दिसली.

"मी न्हाय बाबा," चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आकारामला लंगडा म्हणायचं? जिभंला किडं पडतील."

साहेब वैतागले. "नाटक की खरं, ते आता शिडीवरून माणसं उतरवणारेच सांगतील," म्हणत त्यांनी अग्निशमन दलालाच फोन लावला.

घंटा वाजवत लाल गाडी आली. वर लटकलेल्या अण्णांनी सवयीने हात उंचावला. "बाजूला व्हा! स्कूटर काढा ती!" गर्दी फाकली. गाडीतून ऋतुराज नावाचा तरणाबांड जवान उतरला आणि कंबरेचा पट्टा आवळत म्हणाला, "कोण अडकलंय?"

 सगळी गल्ली आपापल्या चपलांकडे बघत राहिली. ऋतुराजने पुन्हा विचारलं. बसलिंगाप्पा पेन उघडून वाट बघत होते. अंबूबाई वर बघत होत्या.

"मी," अण्णा म्हणाले.

आवाज नेहमीचा नव्हता. मग ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी अडकलोय. माझा उजवा गुडघा वाकत न्हाय. कामात गेलाय. लिवा, साहेब!"

बसलिंगाप्पांनी लिहिलं. 

ऋतुराज झरझर वर चढला. अण्णांच्या काखेत हात घालून त्याने पाय सोडवला आणि त्यांना पाठीवर घ्यायला वळला. अण्णांनी त्याच्या गळ्यात हात टाकले. ते त्याच्या कानाशी ओरडले, "अरे, आसं धरत्यात व्हय? कुणी शिकवलं रे तुला हे?"

"सर," ऋतुराज एक एक पायरी खाली येत म्हणाला, "तुमीच की."