नर्स प्यायली ते पाणी

भीड हा रोग काविळीपेक्षा जुना आहे आणि त्यावर लस निघण्याची चिन्हे नाहीत. कावीळ त्या मानाने सोपी. तिचा विषाणू एकाच्या पोटातून बाहेर पडतो, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात शिरतो आणि महिनाभर मुकाट बसतो. पोटातल्या आम्लाला तो भीत नाही, उकळीला भितो. डोळे पिवळे होण्याआधीच तो सर्वांत जास्त वाटला जातो. म्हणून आमच्या डिचोलीकडच्या वाड्यावर डोळे पिवळे झाल्यावर रोग्याचे ताट वेगळे काढतात, त्याची हळद बंद करतात (पिवळ्याने पिवळे वाढते) आणि बाकीचे सगळे निर्धास्तपणे बांयचे, म्हणजे विहिरीचे, पाणी पितात.

ही बांय शंभूबाबांची. गोवा राज्य झाल्यावर त्यांनी सरकारी योजनेतून संडास बांधला, तो बांयच्या वरच्या अंगाला, कारण तिथे वारा चांगला. (खड्ड्याला तळ नाही. जमीन सगळे शोषून घेते. शोषलेले कुठे जाते हे विचारणे म्हणजे जमिनीच्या खाजगी कारभारात नाक खुपसणे.) चतुर्थीला आरतीसाठी वाडा त्यांच्याकडे जमला, पाणी प्यायला आणि दसऱ्यापर्यंत पाचजणांना कावीळ झाली. पाचांत चार सुना, पाचवा शहरातून आलेला पाहुणा. शंभूबाबांची अश्विनीही त्यांतलीच.

यावरून शंभूबाबांनी सिद्धान्त मांडला. इथे जन्मलेल्यांना काही होत नाही, म्हणजे बांय चांगली. सुना शहरातल्या, नळावर वाढलेल्या, म्हणजे सुनाच नाजूक. (इथल्या पोरांना हा रोग लहानपणीच नकळत होऊन जातो आणि मग जन्मभर होत नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण डॉक्टरही बाहेरचेच.)

अश्विनीला झाडपाल्याचा रस दिला, बिनमिठाची पेज दिली. ती बरळू लागली तेव्हा इस्पितळात नेली. तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची ताजी प्रतिपिंडे सापडली, म्हणजे कावीळ पाण्याचीच ठरली. मग आरोग्य केंद्रातली नर्स गौरवी ब्लीचिंग पावडर घेऊन आली. ती वास्कोची, नळावरचीच. वाड्यावर अजून धडधाकट सुना होत्या, त्यांतली एक गरोदर. तिच्यासाठी गौरवीचा जीव तुटत होता.

"शंभूबाब, आज पावडर घालूया. आणि उद्यापासून पाणी उकळून प्या."

"घाल गो. पूण आदीं उदक पी. आमच्या दारांतल्यान कोण तानेलो वचना."

दारातून कुणी तहानलेला जाऊ नये म्हणून त्यांच्या बायकोने, प्रभावतीने, गूळ आणि तांब्या पुढे ठेवला. गौरवीने तांब्याकडे पाहिले, वरच्या अंगाच्या संडासाकडे पाहिले. नाही म्हटले तर म्हातारा दुखावणार आणि पावडर राहणार. ती प्यायली. मला तिचा राग येतो, आणि तिच्या जागी मीही प्यायलो असतो याचा जास्त येतो.

शंभूबाबांनी समाधानाने शेजाऱ्यांना हाक मारली.

"पळयात, नर्सच पियेली. मागीर पावडर कित्याक?"

नर्स प्यायली, मग पावडर कशाला, हा युक्तिवाद बिनतोड होता. पावडर परत गेली. महिन्याभराने त्या गरोदर सुनेचे डोळे पिवळे झाले आणि गौरवीचेही. गौरवीचे निदान वाड्याने रक्त न काढता केले: रोग्यांत वावरते, तिथूनच लागली असणार.

तुम्ही शिकलेले वाचक, तुम्ही ते पाणी नाकारलेच असते. तर मग एवढे सांगा: मागच्या खेपेला कुणाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला, तेव्हा "उकळलेले आहे का?" हे तुम्ही कोणत्या शब्दांत विचारलेत? ते शब्द गौरवीला हवे आहेत. बरी झाली की ती पुन्हा शंभूबाबांकडे जाणार आहे.